उलटे फेरे

१७ जून

जेवताना सांगून टाकलं. बारावी झाली की पुण्याला जाणार, कॉलेजच्या पोहण्याच्या टीममध्ये. आई भाकरी थापत होती, थांबली नाही. पप्पांनी विचारलं, "पवायला कॉलेज कशाला लागतंय?"

आमच्या गावात पोहायला विहीर लागते, झालं. माने सरांनी सांगितलेलं सगळं म्हणून दाखवलं. (माने सर म्हणजे आमच्या ज्यु. कॉलेजचे खेळाचे सर. अख्ख्या लोहाऱ्यात त्यांच्याएवढी शिट्टी कुणाची नाही.) राज्य स्पर्धेत चमकलं तर पुण्याची कॉलेजं खेळाडू म्हणून घेतात, होस्टेल देतात, रोज तलाव मिळतो, पुढं विद्यापीठाकडून पोहायचं. पप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुळजापूरला आत्याकडं राहून डी. फार्म. कर, नंतर गावात मेडिकल टाकू. म्हणजे मी काउंटरमागं गोळ्यांची पाकिटं कापत बसणार. देवा.

२३ जून

शेजारच्या पिंकीला आज पाण्यात सोडलं. पाठीला सुकलेले भोपळे, दोर माझ्या हातात, काठावर तिची आई तोंडात पदर धरून. मी पोरीला पहिलं काय सांगितलं? "आसरा उजव्या हाताला ठेव." हात मार, पाय मार हे नंतर. मलाही अण्णांनी असंच शिकवलं होतं. अण्णा माझे चुलते, विहीर त्यांच्याच रानात. विहिरीच्या कोनाड्यात सात शेंदरी दगड आहेत, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी; आई त्यांना बाया म्हणते. त्यांच्याकडं डावा हात करून आमच्या गावात कुणी पोहत नाही, म्हातारंकोतारं असो की पोरंसोरं. सगळे एकाच बाजूनं गरगर फिरणार.

पिंकी तिसऱ्या फेरीला हसायला लागली. माझी शिष्या.

८ जुलै

पोहण्याचा खरा ड्रेस आला. गुडघ्यापर्यंतचा, काळा. आईनं उलटासुलटा करून पाहिला, ताणून पाहिला, मग म्हणाली, "ह्येचं उरलेलं कापड कुठंय?" मी म्हटलं एवढाच असतो. तिनं त्याची घडी घातली. मग म्हणाली, विहिरीवर जाताना वरून शर्ट घाल, तिकडं धाराशिवला काय घालायचं ते घाल, तिकडं आपल्याला कोण वळखतंय.

म्हणजे परवानगी. मी लगेच पळाले, मत बदलायच्या आत.

२ ऑगस्ट, रविवार

धाराशिवच्या तलावात पहिल्यांदा. नसरीन सोबत (एका बाकावरची, हिला पोहता येत नाही आणि शिकायचंही नाही, पण एस.टी.त खिडकी मिळाली की कुठंही येते).

गंमत अशी की मी घाबरले. मी! विहिरीत परसभर, म्हणजे उभा माणूस बुडेल एवढं पाणी असतं पण तळ दिसत नाही, म्हणून कधी काही वाटलंच नाही. इथं तळ दिसतो. फरशी, त्यावर निळी पट्टी. काठ सोडवेना. चार हात मारल्यावर भीती गेली. मग अशी सुटले की काठावर माने सर टोपी हातात घेऊन उभे राहिले. वेग आहे पोरीत, म्हणाले. मला माहीत होतं, पण दुसऱ्यानं म्हटलं की बरं वाटतं.

फक्त दोन पट्ट्यांमधल्या दोऱ्या सारख्या अंगाला लागतात. ह्या तलावाच्या पट्ट्या अरुंद आहेत बहुतेक.

२७ ऑगस्ट

जिल्हा स्पर्धा. एकाच दिवसात सोनं आणि शेण.

सकाळी ५० फ्री (म्हणजे पन्नास मीटर फ्रीस्टाइल). मला अगदी कडेची पट्टी, डाव्या हाताला भिंत. डावं कोपर भिंतीला घासून घासून सोलून निघालं, तरी पहिली. दुसरी आलेली पोर माझ्या पायापाशी होती. सरांनी शिट्टी वाजवली, पंचांनी त्यांना दम दिला.

दुपारी १०० फ्री. तीच पट्टी. जाताना मीच पुढं. वळले, परत निघाले, आणि कशी कुणास ठाऊक दोरीखालून शेजारच्या पट्टीत. त्या पोरीच्या अंगावरच गेले. तिच्या नाकाला माझा हात लागला. बाद. नाव पुकारून बाद.

सर म्हणाले, सरळ पोहायचं एवढंच तर काम आहे, पट्टी आखलेली आहे खाली. मी काय मुद्दाम वाकडी गेले? विभागाला आता फक्त ५० मध्ये जाणार. आणि तिथं कडेची पट्टी मिळेलच असं नाही. सरांनी स्पष्ट सांगितलं, ही खोड राहिली तर पुण्यातलं कुठलंही कॉलेज तुला तलावात उतरू देणार नाही, दुसऱ्यांच्या पोरी जखमी होतील.

घरी पप्पांना पदक दाखवलं. बादचं नाही सांगितलं. कोपराला हळद.

३० ऑगस्ट

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं.

नसरीन राहायला आली होती. विहिरीच्या काठावरून तिनं माझा व्हिडिओ काढला. चहा पिताना तिनंच आधी पाहिला आणि म्हणाली, "रेणुके, तू तर घाण्याच्या बैलावानी फिरतीस गं." मी चिडले. मग पाहिलं. खरंच की. उजवा हात लांबवर जातो, डावा जवळच रुततो, मान फक्त डावीकडं वळते. गोल, गोल, गोल, डावीकडं. पिंकीसुद्धा तशीच. तिच्यामागं अण्णा, तेही तसेच.

आसरा उजव्या हाताला, म्हणजे भिंत उजव्या हाताला, म्हणजे सतत डावीकडं वळायचं. सहा वर्षांची असल्यापासून मी डावीकडं वळतेय. तलावातसुद्धा माझं अंग विहीरच पोहत होतं. सकाळची भिंत मला सरळ ठेवत होती, परतताना ती उजवीकडं गेली आणि मी सुटले डावीकडं. पट्ट्या बिचाऱ्या बरोबर होत्या.

इलाज साधा आहे. दुसऱ्या बाजूनं फिरायचं. म्हणजे आसऱ्यांकडं डावा हात.

नसरीनला म्हटलं कुणाला बोलू नकोस.

१ सप्टेंबर

पहाटे, कुणी नसताना, पहिले उलटे फेरे (इथून पुढं उ.फे.). काय सांगू. पोहताच येईना. मला, पोहता येईना. नाकात पाणी, डोकं गरगरलं, उजवीकडं श्वास घ्यायला गेले तर तोंडभर शेवाळ. पिंकीचे भोपळे मागून घ्यावेत असं वाटलं.

आणि वर बघते तर आई. धुण्याची बादली घेऊन. तिनं बादली खाली ठेवली. मला पायऱ्यांवरून हाताला धरून वर काढलं. आणि घरी आल्यावर जी सुरू झाली. बाया कोपल्या तर विहीर आटते, पोर बुडतं, घरात दुखणं येतं, तुला पुण्याचं एवढं याड लागलंय का की घर बुडवतीस. मी पण बोलले. नको तेवढं बोलले. दगड आहेत ते, असंही बोलले. आईनं कानावर हात ठेवले.

४ सप्टेंबर

अण्णांची मोटर जळली.

६ सप्टेंबर

अण्णा म्हणतात व्होल्टेज कमी होतं, मागच्या वर्षीही जळली होती. आई ऐकत नाही. गल्लीतल्या बायका तर त्याहून नाही. दोघींनी मला बघून बोलणं थांबवलं. पिंकीला विहिरीवर यायची बंदी.

रडले. राग आला म्हणून रडले, वाईट वाटून नाही. थोडं वाईटही वाटलं. आईला दगड म्हणायला नको होतं, म्हणजे बायांना.

विभागीय स्पर्धा जवळ आली, आणि माझं अंग अजून डावीकडंच.

९ सप्टेंबर

आईनं विचारलं, उलटं फिरून नेमकं हुतंय काय. पहिल्यांदा विचारलं. मी जमिनीवर खडूनं विहीर काढली, शेजारी तलाव काढला. पट्ट्या काढल्या. मी कुठं गेले ते काढलं. बादचंही सांगितलं, त्या पोरीच्या नाकाचंही. ती उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, म्हणजे आपल्या हिरीनंच तुला वाकडं केलंय व्हय. मी म्हटलं तसं नाही, विहिरीनंच शिकवलं, पण एकाच बाजूचं शिकवलं.

खडू पुसला नाही. जेवणं त्याच्या शेजारी बसून झाली. पप्पांनी विचारलं हे काय. आई म्हणाली, काय न्हाय, जेवा.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी आईनं दहीभात केला, हिरवा खण काढला, बांगड्या, हळदकुंकू. मला म्हणाली, तुझा तो काळा ड्रेस घाल आणि चल. शर्ट नको म्हणाली. बायांना बघू दे कशात पवतीस ते.

विहिरीवर दोनतीन जणी धुणं धूत होत्या. त्यांच्यासमोरच. आई पायऱ्या उतरून कोनाड्यापाशी गेली, सातही दगडांना कुंकू लावलं, दहीभात ठेवला, खण ठेवला. मग हात जोडून मोठ्यानं, शेजारणीशी बोलावं तशी बोलली:

"बायांनो, ही माझी रेणुका. तुमच्याच पाण्यात वाढली. आता ही उलटी फिरणार हाय. तुमचा मान मोडाया न्हाय, तिला सरळ जायाचं शिकायचंय म्हणून. एवढं चालवून घ्या. रागवायचं तर माझ्यावर रागवा, म्या इथंच बसलेय."

आणि खरंच बसली, खालच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून. धुणारणींपैकी एकीचा हात धोपटण्यावरच थांबला होता. मी उतरले. उलटी फिरले. प्रत्येक फेरीला आई समोरून जायची. ती बायांकडं बघत होती की माझ्याकडं, ते पाण्यातून कळलं नाही.

मला आई फार आवडते. हे कुठं तरी लिहिलेलं असावं.

१९ सप्टेंबर

उ.फे. रोज. आई रोज पायरीवर. आज दमून सवयीनं जुन्याच बाजूनं वळले तर ओरडली, "अगं सुलटी चाललीस की! उलटी फीर!" आणि स्वतःच हसायला लागली. अठरा दिवसांपूर्वी कानावर हात ठेवणारी बाई.

पिंकीची बंदी उठली. आईनंच जाऊन उठवली. नवी मोटर बसली.

२७ सप्टेंबर, रविवार

धाराशिव. मधली पट्टी मागून घेतली, दोन्हीकडं दोऱ्याच, भिंत नाही. एकदाही अंग लागलं नाही. उजवीकडं श्वास घेतला तेव्हा पहिल्यांदा शेजारची पोर दिसली. आजवर मला उजवीकडचं जग माहीतच नव्हतं. सरांनी विचारलं काय केलंस, मी म्हटलं उलटी पोहले. त्यांना वाटलं पाठीवर पोहले. सांगत बसले नाही.

८ ऑक्टोबर

विभागीय, लातूर. ५० फ्री. मधली पट्टी.

पहिली.

पुन्हा लिहिते, बघायला छान दिसतं. पहिली. निळ्या पट्टीच्या बरोब्बर वरून, ताणलेल्या सुतळीवरून गेल्यासारखी. हात भिंतीला लागला, मान वर काढली, दोन्हीकडं बघितलं, तर दोन्हीकडच्या अजून येतच होत्या. नसरीन काठावर नाचत होती, एका बाईंनी तिला खाली बसवलं.

घरी फोन केला. आई म्हणाली, थांब, बायांना सांगून येते. पप्पा म्हणाले, बरं झालं. मग विचारलं, डी. फार्म.चे फॉर्म कधी निघत्यात बघून ठेव. वाटलं फोन तलावात टाकावा.

१५ नोव्हेंबर

राज्य स्पर्धा झाली. अंतिम फेरीत तिसरी. पुण्यामुंबईच्या पोरी, पाळण्यातनं थेट तलावात पडल्यासारख्या. त्यांच्या टोप्यांवर नावं छापलेली. माझी टोपी नसरीनच्या भावाची. तरी तिसरी! कांस्य गळ्यात घालूनच झोपले, मानेवर वळ उठला.

पण खरी गोष्ट पुढं आहे. बाहेर आल्यावर एक मॅडम भेटल्या, पुण्यातल्या कॉलेजच्या टीमच्या. सुरुवात वाईट आहे तुझी, म्हणाल्या. उडी विहिरीतल्यासारखी मारतेस. (बरोबर, दुसरी येतच नाही.) पण पाण्यात गेल्यावर चांगली आहेस, दोन्ही बाजूंनी सारखी. अशा फार नसतात. जानेवारीत आमच्या तलावावर चाचणीला ये, आमच्या मुलींबरोबर पोहवून बघते. मी हो म्हणाले. किती मोठ्यानं म्हणाले असेन, त्या मागं सरकल्या.

दोन्ही बाजूंनी सारखी. हे मी आईला तीनदा सांगितलं.

१८ नोव्हेंबर

पप्पा म्हणतात तीन वर्षं पुण्यात राहायचं ते सोपं नाही. आईचं म्हणणं, पोरीनं बायांना वळवलं, तुम्ही काय त्यांच्यापेक्षा मोठे लागून गेलात. पप्पा दारातली जीप पुसायला बाहेर गेले. जीप स्वच्छच होती.

२ डिसेंबर

थंडी. पाणी बर्फ. सकाळी उतरवत नाही, तरी उतरते. उडीचा सराव अण्णांच्या मोटरीच्या कट्ट्यावरून. पोटावर आपटून पोट लाल. पिंकी बाजूला बसून गुण देते, दहापैकी दोन, दहापैकी तीन. निर्दयी पोरगी.

रसायनशास्त्राला अजून हात लावलेला नाही. नसरीन रोज विचारते. तिला खोटं सांगते.

२१ डिसेंबर

पिंकीकडून दहापैकी सात.

आणि रात्री जेवताना पप्पा कुणाकडंही न बघता म्हणाले, एकटी न्हाय पाठवणार, म्या येतो संगं. बघून तर येऊ. आईनं त्यांच्या ताटात न विचारता तुपाची धार धरली.

१० जानेवारी, पुणे

चाचणी झाली.

पप्पांनी तलावाच्या दारातच चप्पल काढली आणि हातात घेऊन आत आले. कुणीतरी सांगितलं, तिथं ठेवा काका, तरी हातातच. पायऱ्यांवर सगळ्यात वर बसले, चप्पल मांडीवर. त्यांनी मला कधी तलावात पाहिलेलं नाही. विहिरीतसुद्धा शेवटचं पाहिलं तेव्हा मी भोपळ्यावर होते.

मॅडमनी त्यांच्या चार मुलींबरोबर उभं केलं. ५० झालं, तिसरी आले. उडी बरी पडली. श्वास बसला नाही तोवर म्हणाल्या आता १००. मी म्हटलं, हो. डोळ्यांसमोर मात्र ऑगस्टची दुपार.

गेले. वळले. परत निघाले. उजवीकडं श्वास घेतला, त्यांची सगळ्यात जलद मुलगी माझ्या बरोबरीनं. डावीकडं घेतला, तिथं कुणीच नव्हतं, मागं राहिल्या होत्या. खाली निळी पट्टी, मी तिच्यावर. ओरडावंसं वाटलं, तोंडात पाणी होतं. एका हातानं हुकलं, दुसरी आले. ती मुलगी दोरीवरून हात पुढं करून म्हणाली, कुठली गं तू? मी गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, कुठं आलं ते? मी म्हटलं, कळेल हळूहळू.

मॅडम म्हणाल्या, मला हवी आहेस. पण माझ्या एकटीच्या हातात नाही, खेळाडूंच्या जागा थोड्या असतात, कॉलेजची समिती बसते, बारावीचा निकाल लागतो, मग नक्की. आधी पास हो. मी फोन करीन.

पप्पा खाली उतरून आले. चप्पल अजून हातातच. मग म्हणाले, "ती तुझ्या म्होरं जी पोरगी हुती, तिला जरा आधी जोर लावला असता तर गाठली असती की गं."

मी म्हटलं, होय पप्पा.

११ जानेवारी

परतीच्या एस.टी.त लिहितेय, गाडी हलते, अक्षराकडं बघू नये.

मी खिडकीत, पप्पा मध्ये, कडेला फेटा बांधलेले एक काका. टेंभुर्णीपर्यंत सगळे झोपेत होते. मग काकांनी विचारलं, पुण्याला कशापायी, दवाखाना का काय? मला वाटलं पप्पा नेहमीसारखं हं म्हणून सोडतील.

पप्पा सावरून बसले. म्हणाले, "न्हाय, दवाखाना कशाला. ही माझी पोरगी. पुण्याच्या कॉलेजकडून पवती."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघेनात.

काका म्हणाले, असं का, कितव्या वर्षाला? पप्पा एक क्षण अडले. मग म्हणाले, पहिल्याच. आणि पुढं सुरूच झाले. राज्यात तिसरी हाय, दोन्ही बाजूंनी सारखी पवती, काल तिथल्या चौघीतल्या तिघींना माघं टाकली, चौथी थोडक्यात राहिली, तिलाबी टाकंल. तळहातावर बोटानं तलाव काढून दाखवला, मी कुठून निघाले, कुठं वळले.

बारावी व्हायचीय. समिती बसायचीय. मॅडमचा फोन यायचाय, येईल की नाही कुणी सांगावं. काका पप्पांच्या पुढून वाकले आणि मलाच विचारलं, व्हय का बाळ, पहिल्या वर्षाला का?

मी म्हटलं, "होय काका, पहिल्या वर्षाला."